अडीच लाखांच्या आत

१५ सप्टेंबर २०२५, सोमवार. दुपारी ४ वाजून १० मिनिटे.

व्यंकटरावांच्या पाच एचपीच्या पाणबुडी मोटारीची जळलेली तार छिन्नीने तोडत बसलो होतो. हात काळे होते म्हणून फोन कोपराने उचलला. सुदर्शन होता. त्याचे बसस्थानकासमोर ऑनलाइन केंद्र आहे. पीकविमा, तिकिटे, पॅनकार्ड, सगळे तोच भरतो. नववीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो.

"रव्या, ओटीपी आला असंल, सांग."

सांगितला.

"झालं. तू आता करदाता झालास."

"कर किती लागला?"

"शून्य."

"मग करदाता कसा?"

"लई डोकं चालवू नको. सांच्याला येऊन कागद घेऊन जा."

संध्याकाळी गेलो. कागदावर नाव बरोबर आहे, रविकांत लिंबाजी हनवते. खाली वर्षाचे उत्पन्न रु. ४,९०,०००. मी म्हणालो, हे माझे नाही. तो म्हणाला, "बँकेकडून साडेतीन लाखांचं कर्ज पाहिजे ना? मग एवढं दाखवावंच लागतंय. सात लाखांपर्यंत कर न्हाई. दाखवायला तुझ्या बापाचं काय जायलंय?" मग वडील नाहीत हे आठवून "चुकलं" म्हणाला आणि सातशे रुपये घेतले.

कर्ज बोअरमधून मोटार वर ओढायच्या गाडीसाठी आहे. आज मोटार वर काढायला लातूरची गाडी बोलवावी लागते आणि निम्मी मजुरी त्यांनाच जाते. जुनी गाडी पाहून ठेवली आहे.

ही वही नवी आहे, म्हणून सुरुवातीला लिहून ठेवतो. राहणार चाकूर. मोटार वाइंडिंगचे दुकान. घरी मी, आई आणि आईच्या चार बकऱ्या. बहीण लुंबिनी नांदेडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, समाजकल्याणच्या मुलींच्या वसतिगृहात. वडील वारले तेव्हा माझे दहावीचे दोनच पेपर झाले होते. उरलेले राहिले. मराठीचा झाला होता.

४,९०,००० हा आकडा आज चार वेळा लिहून पाहिला. अक्षर माझे असून दुसऱ्या कोणाचे तरी वाटते.

१७ सप्टेंबर, बुधवार.

मुक्तिसंग्राम दिन. तहसीलवर झेंडा होता. तिथून जाताना सायकल नेहमीपेक्षा जोरात मारली. का मारली ते कळले नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार.

दहा-बारा दिवस पाऊस हटला नाही. विहिरी तुडुंब, मोटारी पाण्यात. दुकानात अकरा मोटारी येऊन पडल्या आहेत, पायही ठेवायला जागा नाही. काम भरपूर आणि पैसे कोणाकडेच नाहीत. सोयाबीन शेतातच कुजले. सगळे म्हणतात, अनुदान आले की देतो.

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात गेलो. आईने पांढरे लुगडे नेसले होते. पंचशील म्हणताना चौथ्या, खोटे न बोलण्याच्या शीलाला माझा आवाज खाली गेला. पाचव्याला पुन्हा वर आला, कारण दारू मी पीत नाही. आईने एकदा माझ्याकडे पाहिले. तिला काय वाटले कोणास ठाऊक. तिने घरी येताना फक्त विचारले, "घसा बसला का रे?"

१७ ऑक्टोबर, शुक्रवार.

बँकेत गेलो. साहेबांनी फाइल उघडली, कागद पाहिला, म्हणाले, "रिटर्न चांगलं आहे. जानेवारीत होऊन जाईल." मला आनंद झाला. मग दुकानापर्यंत येईतो आनंद नक्की कशाचा झाला ते शोधत राहिलो.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

लुंबिनीचा फोन.

"दादा, वसतिगृहाच्या प्रवेशाचं नूतनीकरण हाय. यंदा घरात जो कमावतोय त्याचं रिटर्न मागायलेत. अडीच लाखांच्या आत पाहिजे. एकतीस डिसेंबरपर्यंत द्यायचंय."

"आजपर्यंत आईच्या उत्पन्नाचा दाखला चालत होता की."

"यंदा न्हाई चालत. तुझं अडीचच्या आतच असंल की. आपल्याकडं कुठून येतेत अडीच लाख."

मी म्हणालो, बघतो. ती हसत म्हणाली, "तू बघतो म्हणलास की मला भ्याव वाटतंय," आणि मग तिच्या तासाची वेळ झाली.

वसतिगृह गेले तर नांदेडला बाहेर खोली आणि मेस. महिन्याला सहा हजारांच्या खाली काही नाही. अजून अडीच वर्षे.

आई दुकानात जुनी तार सोडवत बसली होती. तिला सांगितले. म्हणाली, "मग कमी करून लिही." जसे काही आमटीत मीठ जास्त पडले आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

सुदर्शनकडे गेलो. गिऱ्हाइके होती म्हणून बाहेर पाऊण तास थांबलो. आत गेल्यावर हळू आवाजात सांगितले, तर तो मोठ्याने बोलला.

"दुरुस्त करता येतंय. एकतीस डिसेंबरपर्यंत मुदत हाय. बोल, किती करू? लाख?"

"असे कसे, किती करू?"

"बरं, लाख नको. लहान धंद्याला जेवढे पैसे जमा झाले त्याच्या आठ टक्के नफा धरायची सोय हाय. कायद्यातच हाय. तुझे पाच लाख जमा धरले तर चाळीस हजार. खतम. बहिणीचं वसतिगृह पक्कं."

"पण चाळीस हजारांत आमचे वर्ष निघत नाही."

"निघतं म्हणून कोण म्हणालंय? लिहायचं हाय, जगायचं न्हाई."

"आणि बँक?"

"बँक गेली. एकाच वर्षी तू श्रीमंत बी आन गरीब बी, असं कसं चालंल?"

मागे एक म्हातारी पेन्शनच्या कामासाठी उभी होती. ती मला म्हणाली, "बाबा, काय व्हायचं ते लवकर हो, माझी गाडी हाय." मी उठलो.

बँकेसाठी ४,९०,०००. वसतिगृहासाठी ४०,०००. वाटेत डोक्यात आले की खरे किती आहेत हे आजवर मला कोणी विचारले नाही. मीही विचारले नव्हते. रोजची पावती रोज लिहितो, पण वर्षाची बेरीज कधी केली नाही. पैसे येतात आणि तारेवाल्याला जातात, एवढे माहीत होते.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

सहा दिवस बेरीज केली. १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. केलेले काम रु. ५,१२,४००. तार, व्हार्निश, बेअरिंग, दुकानभाडे, वीज, लातूरच्या गाडीवाल्याची मजुरी मिळून रु. २,३८,१००. उरले रु. २,७४,३००. तीनदा केली, तेच आले.

अडीच लाखांच्या वर रु. २४,३००.

मला वाटले होते आम्ही गरीब आहोत. आहोतच. पण चोवीस हजार तीनशेने नाही.

आईला सांगितले. तिने पदर खोचला. मग म्हणाली, "तुझं अन् सरकारचं काय असंल ते तू बघ. पोरीचं मी बघते." रागावली असावी.

आज बाजाराचा दिवस. संध्याकाळी तांबडी बकरी खुंटीला नव्हती. आई म्हणाली, रेणापूरला महामायामावशीकडे पोचवली, तिकडे धरणाच्या कडेला चारा लई हाय. आई सकाळी नऊला गेली होती आणि साडेअकराला परत आली. बस लगेच मिळाली असावी.

१ डिसेंबर, सोमवार.

लातूरला आयकर कार्यालयात जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

पांढरा शर्ट घातला. नखांतले काळे निघत नाही, म्हणून हात खिशात ठेवायचे ठरवले होते. पण पावत्यांची पिशवी दोन्ही हातांनी धरावी लागली. दारावरच्या शिपायाने विचारले, "नोटीस हाय का?" मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, "मग कामून आलास?" याचे उत्तर मी तयार केले नव्हते. त्याने तरीही वर जाऊ दिले.

मदत कक्षात एक बाई बसल्या होत्या. पाटीवर नुसते ऋतुजा एवढेच वाचता आले, आडनावावर फाइल होती. वय माझ्याएवढेच असेल.

"बोला. काय नोटीस आली?"

"नाही."

"रिफंड अडकला?"

"नाही. माझे उत्पन्न किती ते विचारायचे होते."

त्यांनी पेन खाली ठेवले. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ हसले. नक्की माझ्यावरच हसले का ते सांगता येत नाही, त्यांच्या हातात मोबाइलही होता.

"ते तुम्ही आम्हाला सांगायचं असतं," बाई म्हणाल्या. "आपलं आपण मोजायचं आणि लिहायचं. तेच तर रिटर्न."

मी सगळे सांगितले. बँकेसाठी ४,९०,००० भरले हेही सांगितले. मला वाटले, आता त्या उठून आत जातील आणि कोणाला तरी घेऊन येतील. त्या म्हणाल्या, "हे बरेच जण करतात. चुकीचं आहे. दुरुस्त करा." बस, एवढेच.

"चाळीस हजार लिहिले तर?"

"तुमचा कर शून्य. पावणेतीन लाख लिहिलं तरी शून्य."

"पण बरोबर कोणते?"

"आठ टक्के हे कमीत कमी आहे. त्याहून जास्त मिळवलं असेल तर जास्त लिहायचं. मिळवलंय का जास्त?"

"हाव," मी म्हणालो. ‘हो’ म्हणायचे ठरवले होते.

त्यांनी पिशवीतला एक गठ्ठा उघडला. पावत्या महिन्यांनुसार दोऱ्याने बांधल्या होत्या. दोरा सोडताना त्या जरा थांबल्या आणि मग नीट सोडला.

"हे बघा. व्यंकटराव, अकरा हजार, फेब्रुवारी. हे आले?"

"सुगीवर देणार होते."

"सुगी झाली की."

"यंदाची पावसाने गेली."

"मग आले नाहीत."

"पण काम झालेले आहे."

"काम झालं हो. पैसे आले का?"

"आमच्याकडे काम झाले की पैसे आलेच धरतात. माणूस काही पळून जात नाही."

"माणूस नसेल पळून जात," त्या म्हणाल्या. "पण त्यानं न दिलेले पैसे तुम्ही कमावले म्हणून लिहिताय. हातात आले तेवढेच धरा. फक्त दरवर्षी तसंच धरायचं, एक वर्ष असं आणि एक वर्ष तसं नाही."

मग त्यांनी विचारले, "चहा घेतलात का? कधीची बस होती?" हा चौकशीचाच भाग असावा. बसचे तिकीट दाखवले. त्यांनी नको म्हटले. निघताना माझा पत्ता आणि फोन नंबर मागितला नाही, तरी मी कागदावर लिहून टेबलावर ठेवून आलो, म्हणजे लपवले असे व्हायला नको.

परतीच्या बसमध्ये मांडीवर पिशवी धरून बेरीज केली. ज्यांनी दिलेच नाहीत ते एकूण रु. ४१,६००. ते वजा केले तर रु. २,३२,७००. अडीच लाखांच्या आत, १७,३०० ने. पुन्हा केली. आत.

स्टँडवर उतरून पाव किलो जिलबी घेतली. आई आणि मी दोघांनी खाल्ली. आई म्हणाली, "कसली रं?" मी म्हणालो, "लोकांनी पैसे बुडवले, त्याची." तिला काही कळले नाही, पण हसली. लुंबिनीला फोन करून सांगितले. ती म्हणाली, "देव पावला म्हणायला आपल्यात सोय न्हाई, म्हणून थँक्यू म्हण त्या मॅडमला."

२ डिसेंबर, मंगळवार.

पहाटे जाग आली तेव्हाच कळले.

हातात आले तेवढे धरायचे, तर २०२३-२४ च्या कामाचे जे पैसे २०२४-२५ मध्ये आले, तेही हातात आलेच की. सुगीवरचे सुगीवर येतात. आठ जणांनी दिले होते. एकूण रु. २५,९००.

२,३२,७०० अधिक २५,९००. रु. २,५८,६००.

वर, ८,६०० ने.

जिलबीचे दोन वेढे उरले होते. ते खाल्ले नाहीत. नंतर मुंग्या लागल्या.

९ डिसेंबर, मंगळवार.

व्यंकटराव मोटार न्यायला आले. त्यांची दहा एकर आहे, माळाच्या बाजूला. वडिलांपासून आमचे गिऱ्हाईक. वडील त्यांच्या शेतावर कामाला जायचे, नंतर मी मोटारी भरायला, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळायला लागलो तेव्हा पहिली मोटार त्यांनीच आणली.

"का रे रवी, तोंड कामून पडलंय? कोणी पोरगी न्हाई म्हणली का?"

मी सांगितले.

"किती वर जायलंय?"

"आठ हजार सहाशे."

"मी किती दिले होते त्यातले?"

"नऊ हजार. मागल्या सालच्या एप्रिलात. रोख. पाचशेच्या अठरा नोटा होत्या, एक फाटकी निघाली ती तुम्ही दुसऱ्या दिवशी बदलून दिली."

ते बाजेवर बसले. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मग मी दिले न्हाईत."

"दिलेत की."

"अरे, देणाराच म्हणायलाय न्हाई दिले म्हणून. घेणाऱ्याचं काय जायलंय? कुठं कागद हाय का? फोनवरून दिले का? न्हाई. मग कोण इचारणार हाय?"

"मग तुमच्याकडे नऊ हजार बाकी राहतील."

त्यांनी विचार केला. "तसं बी न्हाई. दिले बी न्हाईत आन बाकी बी न्हाईत."

"असे कसे लिहू?"

"तू लिव्हच की. तुझ्या बापानं माझ्याकडं वीस वर्स काम केलं, एवढं डोकं कधी खाल्लं न्हाई."

मोटार ट्रॉलीत चढवायला मी हात दिला. जाताना म्हणाले, "ह्या मोटारीचे सुगीवर बघू." कोणत्या सुगीवर, ते मी विचारले नाही. पावती केली, रु. ६,५००.

ते गेल्यावर वजाबाकी केली. नऊ हजार काढले तर २,४९,६००. अडीच लाखांच्या आत, चारशेने. व्यंकटरावांना हे आकडे ठाऊक नसताना बरोबर नऊच हजार त्यांचे निघावेत याची मला भीती वाटली.

१९ डिसेंबर, शुक्रवार.

सकाळी १० वाजून २० मिनिटांनी आयकर विभागाचा संदेश आला. इंग्रजीत होता. गुगलने मराठी केले: आपले विवरणपत्र पुन्हा तपासा, चूक असल्यास ३१ डिसेंबरपूर्वी सुधारा. म्हणजे बाईंनी वर कळवले. फोन नंबर मीच ठेवून आलो होतो. शटर ओढले आणि सुदर्शनकडे पळत गेलो.

त्याने स्वतःचा मोबाइल पुढे धरला. "मला बी आलाय. आमच्या शेजारच्या मास्तरला बी आलाय. गठ्ठ्यानं पाठवतेत."

"तुला का आला? तू काय चूक केलीस?"

"तू तुझं बघ," तो म्हणाला आणि मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवला.

परत आलो तर दुकानाबाहेर दोन गिऱ्हाइके थांबून गेलेली. रात्री जेवण गेले नाही. आता फक्त पांढरी बकरी आहे. आणखी दोन काल, बाजाराच्या दिवशी, मावशीकडे गेल्या. एकटी असल्याने पांढरी सारखी ओरडते. त्यामुळेही झोप लागत नाही.

२४ डिसेंबर, बुधवार.

महामायामावशी आली. हुरडा आणला. चुलीपुढे आम्ही तिघे बसलो. मी विचारले, "मावशी, बकऱ्या कशा हायत?"

"कंच्या बकऱ्या?" मावशीने आईकडे पाहिले. आई हुरडा चोळत होती. "हां, त्या. हायत की. लई चरायल्यात."

"तांबडी गाभण होती."

"व्याली."

"किती झाली?"

"दोन," मावशी म्हणाली. "तीन," आई त्याच वेळी म्हणाली.

"एक मेलं," मावशी म्हणाली.

वाईट वाटले. थंडी आहे, पोत्यात गुंडाळायला पाहिजे होते. मी तसे म्हटले. मावशी आईला म्हणाली, "पंचफुले, तुझं लेकरू लई भोळं हाय गं." आई म्हणाली, "त्याला हिशोब लई येतोय, म्हणून." आणि दोघी हसल्या. कशाला हसल्या ते कळले नाही. मग आईने पदराने डोळे पुसले. चुलीचा धूर होता.

२६ डिसेंबर, शुक्रवार.

लुंबिनीला सगळे आकडे पुन्हा सांगितले. ४०,०००. २,४९,६००. २,५८,६००. तिने ऐकून घेतले.

"दादा, तू खरं लिही न्हाईतर खोटं लिही, पण एकदा काय ते लिही. रोज मला आकडे सांगू नको. माझी परीक्षा हाय."

"तुझे वसतिगृह जाईल."

"जाईल तर जाईल. रस्त्यावर तर न्हाई ना झोपणार." मग म्हणाली, "तुला खोटं लिहिलेलं पचणार हाय का? पुढल्या साली पुन्हा रिटर्न हाय, त्याच्या पुढल्या साली पुन्हा. तुझी दरसाल अशी दिवाळी असंल तर मी खोलीतच बरी."

ती चिडून म्हणाली की समजूत काढायला म्हणाली, हे आवाजावरून ठरवता आले नाही.

मी खरे लिहायचे म्हणतो ते चांगला आहे म्हणून की भित्रा आहे म्हणून, याचाही उलगडा होत नाही. पकडले जाणार नाही असे कोणी लिहून दिले असते तर मी काय केले असते? सुदर्शन तेच तर लिहून द्यायला तयार आहे. तरी नको वाटते. पण बहिणीच्या डोक्यावरचे छत काढून आपण खरे बोललो म्हणायचे, हेही बरोबर दिसत नाही.

३० डिसेंबर, मंगळवार.

संध्याकाळी सहाला सुदर्शनच्या केंद्रात. त्याने दुरुस्तीचे पान उघडले, बोटे कळांवर ठेवली. "बोल."

घरून निघताना २,४९,६०० ठरवले होते. खरेच ठरवले होते. चारशेने आत, व्यंकटरावांच्या शब्दाला मान देऊन. चौकापर्यंत तेच घोकत आलो.

तोंड उघडले आणि "दोन लाख अठ्ठावन्न हजार सहाशे" निघाले. मी काही धीर वगैरे केला नाही. तोच आकडा पाठ होता, एवढेच.

सुदर्शन वळून बघत राहिला. "अडीचच्या वर हाय हे."

"हाव."

"बँक बी गेली, वसतिगृह बी गेलं."

"हाव."

"कर किती? शून्य. मग हे सगळं कशासाठी केलंस बे?"

मी म्हणालो, "भर." त्याने भरले. ओटीपी आला, सांगितला. पाचशे द्यायला गेलो तर हात मागे घेतला. "जा. तुझ्याकडून घेतले तर तू ते बी कुठंतरी लिव्हशील."

बाहेर आलो. हलके वाटेल असे वाटले होते. भूक लागली होती, बाकी काही नाही.

३१ डिसेंबर, बुधवार.

नांदेडला जाऊन कागद दिला. वसतिगृहाच्या बाईंनी आकडा पाहिला, मग मला पाहिले. म्हणाल्या, "आठ हजारांसाठी?" मी म्हणालो, "आठ हजार सहाशे." त्यांनी लुंबिनीला खोली सोडायला चार दिवस दिले. आवाज चढवला नाही. त्यांनी चढवला असता तर बरे झाले असते.

लुंबिनीने गेटवर चहा पाजला. पैसे तिनेच दिले.

घरी आल्यावर आईने डब्यातून नोटा काढल्या. बावीस हजार.

"कुठले?"

"भिशी लागली."

"तुझी भिशी होती?"

"बायकांची हाय. तुला काय करायचंय? पोरीला खोली बघ, दाराला आतून कडी असलेली बघ."

आई भिशी लावते हे मला माहीत नव्हते. घरातल्या माणसाचे एवढे माहीत नसावे याची लाज वाटली. परत करायचे म्हणून लिहून ठेवतो.

४ जानेवारी २०२६, रविवार.

काल बँकेत स्वतः जाऊन दुरुस्त कागद दिला. साहेब म्हणाले, "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं." फाइल परत दिली. जुनी गाडी विकणाऱ्याला फोन करून नाही म्हणालो. तो म्हणाला, गाडी कधीच विकली गेली.

आज लुंबिनीचे सामान हलवले. आणखी एका मुलीबरोबर खोली आहे, कॉलेजपासून चालत वीस मिनिटे. दाराला आतून कडी आहे, दोनदा लावून पाहिली. ती म्हणाली, "आई कशी हाय? अन् बकऱ्या?"

"चारही मावशीकडे हायत. पांढरी बी गेली गुरुवारी. तिकडे चारा आहे."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. मग माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली, जे ती कधी करत नाही, आणि म्हणाली, "जेवून जा दादा."

घरी आलो तर आईने चारही खुंट्या उपटून सरपणात टाकलेल्या. अंगण झाडून सपाट केले आहे. मी म्हणालो, अगं, त्या परत आल्या की लागतील. ती म्हणाली, "लागल्या तर करू."

हिशेब.

झालेला खर्च: रिटर्न, सुदर्शन ७००. झेरॉक्स ४६. लातूर बस १२०. जिलबी ६०. नांदेड बस, ३१ तारखेची ३२०. खोलीची अनामत ६,०००. जानेवारीचे भाडे, तिच्या वाट्याचे ३,०००. मेस २,८००. एकूण रु. १३,०४६. आजचे बसचे पैसे लुंबिनीने दिले, मला परत घेऊ दिले नाहीत.

आयकर: शून्य.

देणे: आईची भिशी २२,०००. सुदर्शन ५००, घेत नाही, तरी देणे. एकूण रु. २२,५००.

येणे: व्यंकटराव, जुने ११,०००, नवे ६,५००. आले की त्या सालात धरणे.

मावशीकडून बकऱ्या उन्हाळ्याआधी आणायच्या. टेंपो अंदाजे रु. ६००. चार मोठ्या, पिल्ले दोन. खुंट्या सहा लागतील, त्या घरीच करीन.